शापाने झालेले दगड : गिरडच्या टेकडीपासून मोएराकीच्या किनाऱ्यापर्यंत

वर्धा जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, समुद्रपूर तालुक्यात, गिरड नावाचे जे गाव आहे त्याच्या शेजारच्या टेकडीवर शेख फरीद यांचा दर्गा आहे, आणि त्याच्या दर्शनास हिंदू व मुसलमान असे दोन्ही समाजांचे भाविक पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. या टेकडीच्या अंगावर वाटोळे, गुळगुळीत, निरनिराळ्या आकारांचे गोटे विखुरलेले आहेत. चार्ल्स ग्रँट यांनी १८७० साली संपादित केलेल्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरासारख्या अव्वल इंग्रजी अमदानीतील ग्रंथांत त्यांची जी हकीकत नमूद आहे ती अशी, की हा साधुपुरुष तीस वर्षे फकिरी वृत्तीने फिरत फिरत इ. स. १२४४ च्या सुमारास या टेकडीवर येऊन राहिला. पुढे दोन फिरस्ते व्यापारी नारळ व इतर जिन्नस घेऊन या वाटेने चालले असता त्यांनी त्याची टवाळी केली, आणि तत्क्षणी त्यांच्या सगळ्या मालाचे दगड झाले. व्यापाऱ्यांनी पाय धरले, तेव्हा त्याने सुकलेल्या पानांपासून त्यांना नवा माल निर्माण करून दिला. ते पाहून दोघेही इतके विरघळले की व्यापार सोडून ते तेथेच सेवेस राहिले, आणि टेकडीवरील दोन कबरी त्यांच्याच आहेत असे सांगतात. दगड झालेला मूळ माल मात्र जागच्या जागीच राहिला.

जगातील निसर्गाश्चर्यांची गणना करण्याची जी रूढ पद्धत आहे तिच्यात गिरडला स्थान मिळण्याचा संभव नाही. त्या गणनेत सर्वांत उंच, सर्वांत खोल आणि सर्वांत रुंद असेल तेवढेच बसते. धबधब्याची उंची फुटांत आणि दरीची खोली मैलांत सांगितली, म्हणजे आश्चर्याची जमाबंदी पुरी झाली असे समजले जाते. परंतु आश्चर्याची आणखी एक जात आहे, तिला उंचीखोलीचे प्रयोजन नसते, आणि प्रस्तुत लेखात केवळ तिचाच आढावा घेण्याचे योजिले आहे. निसर्गाने घडविलेली वस्तू मनुष्याच्या अथवा प्राणिमात्राच्या नित्य परिचयाच्या वस्तूशी इतकी तंतोतंत जुळते की ‘हे मुळात काहीतरी वेगळे होते आणि मागाहून दगड झाले’ असे म्हटल्यावाचून पाहणाऱ्याचे समाधान होत नाही, अशी स्थळे पृथ्वीच्या पाठीवर ठिकठिकाणी आहेत. ज्या लोकांनी एकमेकांची नावेही ऐकली नव्हती त्यांनी त्या स्थळांसंबंधी ज्या कथा रचल्या त्या परस्परांशी चकित व्हावे इतक्या मिळत्याजुळत्या आहेत, आणि ज्या ठिकाणी त्या वेगळ्या होतात तेथेच त्यांचे खरे मोल आहे.

प्रथम गिरडच्या गोट्यांची रुजुवात करू. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक मुलूख ज्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून थरावर थर वाहत आलेल्या लाव्हारसाचा आहे, हे आता शाळेतल्या पुस्तकातही असते. हा रस थंड होऊ लागला की त्यात विरघळलेले वायू सुटे होऊन वरच्या अंगास येऊ लागतात आणि वरचा पापुद्रा घट्ट झालेला असल्यामुळे बाहेर न पडता तेथेच अडकतात. कढईतल्या गुळाच्या पाकावर येणारे बुडबुडे फुटण्यापूर्वीच थिजावेत, तशी त्या थराच्या माथ्याची स्थिती होते. अशा पोकळ्यांनी भरलेल्या खडकास भूशास्त्रज्ञ कुहरी बेसाल्ट म्हणतात. पुढे लक्षावधी वर्षे या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहते, कधी कोमट तर कधी कढत, आणि भोवतालच्या खडकातील सिलिका, ॲल्युमिना, चुना आणि सोडा बरोबर घेऊन आलेले ते पाणी पोकळीच्या भिंतीवर आपला ऐवज पुटापुटाने ठेवीत जाते. पोकळी पुरी भरली म्हणजे भरीव गोटा तयार होतो. अपुरी राहिली तर आत स्फटिकांनी मढविलेली गुहा उरते. या ऐवजात अकीक असतो, गारगोटी असते, कॅल्साइट असते आणि झिओलाइट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खनिजांचे सारे कुटुंब असते. गॅझेटियरकारांनी गिरडच्या गोट्यांची जात हीच सांगितली आहे.

दख्खनच्या पाषाणातला असा एखादा गोटा फोडून हातात घ्यावा म्हणजे व्यापाऱ्याच्या गोणीची कथा कोणाला का सुचली ते उमजते. बाहेरची साल खरबरीत आणि हिरवट काळी असते. तिच्या आत नखाएवढ्या जाडीचा करडा, एकावर एक वलये असलेला थर लागतो. त्याच्या आत पांढरे किंवा किंचित गुलाबी, मोरपिसासारखे पसरलेले झिओलाइटचे पंखे असतात. आणि मधोमध, सगळ्यांत शेवटी भरावयाची राहून गेलेली, बोटाचे टोक जेमतेम शिरेल एवढी पोकळी असते. करवंटी, खोबरे आणि आतली पोकळी असा हा क्रम ज्याने एकदा पाहिला, त्याला हा नारळच होता असे वाटले तर त्याच्या निरीक्षणशक्तीला दोष देता येणार नाही. गोटा लहान आणि वाटोळा असेल तर सुपारी म्हणावी, जरा लांबट असेल तर जायफळ. आता हा गोटा खडकातून सुटा कसा झाला, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर वऱ्हाड-नागपूरच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या पायाखाली आहे. बेसाल्ट ऊनपावसाने कुजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची काळी होते. परंतु सिलिकेने घट्ट झालेले गर्भ तितक्या लवकर कुजत नाहीत, ते माती वाहून गेल्यावर मागे राहतात. हिंगणघाटच्या कापसाची जी एके काळी दूरवर कीर्ती होती, ती ज्या जमिनीच्या जोरावर होती ती जमीन आणि गिरडचे ‘शापित’ गोटे ही एकाच खडकाची दोन अपत्ये आहेत. एक पिकाच्या उपयोगी पडले आणि दुसरे कथेच्या.

झिओलाइटविषयी ओघात एवढे सांगणे अवश्य आहे की, या खनिजवर्गाची ओळख १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट याने पटविली. फुंकनळीच्या ज्योतीत धरताच हा दगड फसफसतो असे त्याला दिसले होते, कारण त्याच्या अतिसूक्ष्म नळ्यांत पाणी साठलेले असते. आज याच नळ्यांचा उपयोग कठीण पाणी मृदू करण्यासाठी आणि खनिज तेलाच्या शुद्धीकरणात होतो. दख्खनच्या झिओलाइटची जगभर जी वाखाणणी झाली तिचा आरंभ एकोणिसाव्या शतकात बोरघाटातील लोहमार्गासाठी डोंगर फोडताना निघालेल्या स्फटिकांपासून झाला, आणि आजही पुणे, नाशिक, जळगाव या बाजूच्या खाणींतील नमुने परदेशच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले असतात. त्यांच्यापुढे गिरडचे गोटे रूपाने गरीब आहेत. परंतु त्यांच्यामागे कथा आहे, आणि कथा असलेला दगड शोभिवंत दगडापेक्षा अधिक अभ्यसनीय असतो असे माझे मत आहे.

या कथेतील ज्या तपशिलाकडे लक्ष जावयास हवे तो मालाचा. नारळ वर्ध्याच्या मुलखात पिकत नाही. सुपारी आणि जायफळ तर नाहीच नाही. कोकणाच्या आणि मलबारच्या किनाऱ्यावरून हे जिन्नस घाट चढून, बैलांच्या पाठीवरील गोणींतून, तांड्याबरोबर मजल दरमजल करीत मध्य हिंदुस्थानात येत असत, आणि म्हणूनच ते पूजेच्या ताम्हनात आणि पाहुण्याच्या तबकात मोलाचे मानले जात. कथेने शेतकऱ्याच्या ज्वारीचे दगड केले नाहीत किंवा कापसाच्या बोंडांचेही केले नाहीत, फिरस्त्या व्यापाऱ्याच्या परमुलखी मालाचे केले. कारण टेकडीवरचे गोटे ज्या फळांसारखे दिसत होते ती फळे या लोकांना तांड्याच्या गोणींतूनच परिचित होती.

हाच न्याय इतरत्र लावून पाहावा. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो प्रांतात, मोएराकी गावाजवळच्या कोएकोहे किनाऱ्यावर करड्या रंगाचे प्रचंड गोल दगड पडलेले आहेत. त्यांपैकी मोठ्यांचा व्यास दोन मीटरच्या घरात आहे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळावर साचलेल्या चिखलात, एखाद्या केंद्राभोवती कॅल्साइट गोळा होत होत त्यांची वाढ झाली, आणि सर्वांत मोठा गोळा वाढावयास चाळीसपन्नास लक्ष वर्षे लागली असावीत असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पुढे समुद्राच्या लाटांनी किनाऱ्याचा मऊ कडा खाल्ला आणि आतले कठीण गोळे वाळूवर घरंगळले. माओरी लोकांच्या परंपरेप्रमाणे अराइतेउरू नावाची महानौका या किनाऱ्यावर फुटली, आणि तिच्यातून वाहून आलेल्या मासे धरण्याच्या टोपल्या, दुधी भोपळ्यांची भांडी आणि रताळी यांचे हे दगड झाले. गिरडला गोणी फुटली तर मोएराकीला नौका. तेथे नारळ होता, येथे रताळे आहे. सागर ओलांडून आलेल्या त्या लोकांनी बरोबर आणलेल्या कंदांत रताळ्याला जे स्थान होते ते ध्यानी घेतले म्हणजे, किनाऱ्यावरच्या दगडांत त्यांना ते का दिसावे याचा निराळा खुलासा करावा लागत नाही.

भूमध्य समुद्राच्या पूर्व काठी गेलो तर कार्मेल डोंगरावर आतून गारगोटीच्या स्फटिकांनी भरलेले पोकळ गोळे मिळतात, त्यांना एलीया संदेष्ट्याची कलिंगडे म्हणतात. एलीयाने वाटेत एका शेतकऱ्याकडे फळ मागितले, शेतकऱ्याने ‘ही फळे नव्हेत, दगड आहेत’ असे सांगून त्याला वाटेस लावले, आणि ते बोलणे खरे झाले. यरुशलेम आणि बेथलेहेम यांच्या दरम्यान असेच एक हरभऱ्याचे शेत यात्रेकरूंना दाखवीत. तेथे पेरणाऱ्याने ‘दगड पेरतो आहे’ असे उद्धट उत्तर दिले आणि दाण्यांचे खडे झाले, अशी कथा असून मध्ययुगीन यात्रेकरू ते खडे वेचून घरी नेत असत. इजिप्तचा दाखला याहून जुना आहे, आणि त्याचा साक्षीदार कोणी भोळा यात्रेकरू नसून स्ट्रेबो हा ग्रीक भूगोलकार आहे. पिरॅमिडांच्या पायथ्याशी पडलेल्या दगडांच्या कपच्यांत त्याला मसुरीच्या डाळीएवढ्या, मसुरीच्याच आकाराच्या चकत्या दिसल्या, आणि त्या पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या उरलेल्या अन्नाच्या आहेत असे त्याला सांगण्यात आले. त्याने हा मजकूर नोंदवून ठेवला आणि आपल्या मायदेशी एका टेकडीतही तसलेच मसुरीसारखे खडे भरलेले आहेत अशी पुस्ती जोडली. त्या चकत्या न्यूम्युलाइट नावाच्या एकपेशीय सागरी जीवांची कवचे आहेत, आणि गिझाचा चुनखडक त्यांनी खच्चून भरलेला आहे. स्ट्रेबोच्या पुस्तीचे मला मोठे अप्रूप वाटते. पिरॅमिडाच्या मजुरांनी त्याच्या गावच्या टेकडीवर जेवण सांडलेले नव्हते हे उघड असल्यामुळे, केवळ दोन ठिकाणच्या खड्यांची तुलना करून त्याने या प्रश्नाच्या शास्त्रीय विचाराचे दार उघडले. आत पाऊल टाकणे मात्र पुढच्यांसाठी राहिले.

यांतल्या शापाच्या कथांत अपराध बहुधा एकाच जातीचा असतो: मागणाऱ्याला विन्मुख धाडणे, पवित्र पुरुषाचा उपहास करणे किंवा खोटे बोलणे, आणि शिक्षा अपराध्याच्या देहाला न होता त्याच्या मालाला होते. दिवाणी दाव्यात जप्ती यावी तसा हा प्रकार आहे. परंतु कार्मेलच्या शेतकऱ्याची कलिंगडे परत मिळाली नाहीत, बेथलेहेमच्या पेरणाऱ्याला दुसरे बी कोणी दिले नाही. गिरडच्या फकिराने मात्र पाचोळ्यातून भरपाई केली, आणि ज्यांचे नुकसान झाले तेच पुढे त्याच्या शेजारी चिरविश्रांती घेते झाले. माझ्या माहितीतील शापकथांत एवढी उदार कथा दुसरी नाही.

शापाचा विषय निघाला असता शाळिग्रामाला वगळून चालणार नाही, कारण तेथे शाप खुद्द देवालाच झाला आहे. वृंदेच्या शापाने विष्णू पाषाणरूप झाला आणि गंडकीच्या पात्रात राहिला, ही कथा कार्तिकात तुळशीचे लग्न लावणाऱ्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे. नेपाळातील काळी गंडकीच्या खोऱ्यात जे काळे गोटे मिळतात त्यांच्या पोटी ॲमोनाइट या सागरी प्राण्याचे चक्राकार कवच असते; हिमालय उभा राहण्यापूर्वी त्या जागी जो समुद्र होता त्याच्या गाळात हे प्राणी पंधरा कोटी वर्षांपूर्वी पुरले गेले. आपल्याकडे पंचायतनात गंडकीचा शाळिग्राम, नर्मदेचा बाण, शोणभद्राचा तांबडा गणपती, स्वर्णमुखीची देवी आणि सूर्याचा स्फटिक अशा पाच ठिकाणच्या पाच जातींच्या शिळा एका संपुष्टात बसविलेल्या असतात, म्हणजे देव्हाऱ्यात खनिजसंग्रहालयच नांदत असते, हे सोवळ्यात पूजा करणाऱ्या किती गृहस्थांच्या मनात येत असेल कोण जाणे. त्याच ॲमोनाइटाला इंग्लंडच्या व्हिटबी गावी सर्पाचे रूप मिळाले: सातव्या शतकातील मठाधिकारिणी हिल्डा हिने मठाची जागा मोकळी करण्यासाठी तेथील सापांचे दगड केले, असे लोक म्हणत. सापाला डोके हवे आणि ॲमोनाइटाला ते नसते, तेव्हा तेथील कारागीर दगडावर डोके कोरून तो यात्रेकरूंना विकीत. शास्त्रज्ञांनीही या बाईचा मान राखला आणि ॲमोनाइटाच्या एका प्रजातीस हिल्डोसेरस असे नाव दिले. एकाच प्राण्याचे कवच एका देशात विष्णू होते आणि दुसऱ्या देशात शिरच्छेद झालेला साप होते, यापलीकडे टीका करण्याचे कारण नाही.

फळे आणि प्राणी सोडून मनुष्याकडे वळले तर उदाहरणांना तोटा नाही, परंतु त्यांत वैचित्र्य थोडे आहे. सह्याद्रीत नवरा-नवरी या नावाचे सुळके आहेत, आणि लग्नाच्या वऱ्हाडाचे दगड झाल्याच्या हकीकती पुष्कळ ठिकाणी सांगतात. उत्तर आयर्लंडच्या किनाऱ्यावर सुमारे चाळीस हजार बहुकोनी स्तंभांची जी फरसबंदी आहे ती फिन मॅक्कूल नावाच्या राक्षसाने समुद्रापलीकडील शत्रूला भेटण्यासाठी बांधली म्हणतात; वस्तुतः जाड लाव्हा सावकाश निवताना आकसला आणि त्याला ठरावीक कोनांत तडे गेले, एवढाच तो व्यवहार आहे. मुंबईत अंधेरीचा गिल्बर्ट हिल त्याच घडणीचा आहे, आणि वर्धा नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात शिबला-पारडी येथेही असे स्तंभ असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे भाग आहे, आणि तिच्यासाठी लोणारचा दाखला सोयीचा पडतो. बुलढाणा जिल्ह्यातील त्या खाऱ्या सरोवराची कथा अशी, की लवणासुर भूमीखाली दडून बसला असता विष्णूने येऊन त्याच्या विवराचे झाकण उडविले आणि त्याचा वध केला. अठराशे मीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीच्या उद्रेकाने झाले असे भूशास्त्रज्ञांपैकी बहुतेकांचे मत शतकाहून अधिक काळ होते. पुढे १९७३ साली फ्रेड्रिक्सन प्रभृतींनी, अतिप्रचंड आघातावाचून जी बनत नाहीत अशी काचरूप खनिजे तेथील बेसाल्टात दाखवून दिली, आणि विवर उल्कापाताचे ठरले. म्हणजे आघात वरून झाला असे पुराण सांगत होते आणि कारण खालून आले असे शास्त्र सांगत होते, आणि अखेर वरचाच पक्ष खरा निघाला. यावरून ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असा डंका पिटण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी, त्याच पूर्वजांनी ज्या शेकडो साध्या डबक्यांना आणि टेकड्यांना असुरवधाच्या कथा चिकटविल्या त्यांचाही हिशेब मांडावा. विवराचे वय एका पद्धतीने बावन्न हजार वर्षे येते आणि दुसरीने पाच लक्ष सत्तर हजार. त्या स्फोटाचा साक्षीदार असून ती आठवण कथेत जतन करणारा मनुष्य कल्पिणे दोन्ही आकड्यांनी कठीण होते.

एवढे सांगितल्यावर मात्र गिरडच्या कथेच्या बाजूने एक पुरावा दाखल केला पाहिजे, कारण या मुलखात फळांचे दगड खरोखरच झालेले आहेत. फक्त ते त्या टेकडीवर झालेले नाहीत. लाव्हाचा एक लोट थांबून दुसरा येईपर्यंत कधी कधी हजारो वर्षे जात. त्या अवधीत थिजलेल्या खडकावर तळी साचत, झाडे उगवत, गोगलगाई आणि मासे वाढत, आणि पुढचा लोट येऊन ते सारे झाकून टाकी. तळ्याच्या गाळात पडलेल्या खोडांत, बियांत आणि फळांत सिलिकायुक्त पाणी पेशीपेशीतून शिरले आणि त्यांची चकमकीच्या जातीची शिळा झाली. तीही अशी, की तिची पातळ चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली असता पेशींच्या भिंती मोजता येतात. छिंदवाडा जिल्ह्यातील मोहगाव कलान येथून के. पी. रोडे यांनी १९३३ साली खाडीकाठी वाढणाऱ्या नीपा या ताडवर्गीय झाडाच्या फळाचे वर्णन केले, आणि पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी पुढच्याच वर्षी तेथलेच दुसरे एक कोडे ठरलेले फळ प्रसिद्ध केले. नीपा आज समुद्राच्या भरतीचे निमखारे पाणी पोहोचते तेथेच उगवते. तेव्हा सातपुड्याच्या कुशीत हे फळ सापडणे याचा अर्थ समुद्राचा एखादा फाटा त्या काळी फार दूर नसावा, असा काही अभ्यासक लावतात. नारळाच्या कुळातले फळ मध्य हिंदुस्थानात दगड होऊन पडले आहे, असे गिरडच्या फकिराच्या शिष्यांनी कोर्टात सांगितले असते तर रोडे यांना त्यांच्या बाजूने साक्ष देता आली असती.

वर्धा जिल्ह्यातही अशा अश्मीभूत अवशेषांचा तुटवडा नाही. नवरगाव येथील लाव्हाथरांमधल्या गाळखडकात द्विदल वृक्षांची अश्मीभूत लाकडे सापडली आहेत, आणि त्यांचे शास्त्रीय वर्णन शेटे आणि कुलकर्णी यांनी १९८२ साली जर्मनीतील एका प्रतिष्ठित नियतकालिकात केले. ज्वारी-कपाशीच्या या उघड्या माळावर एके काळी घनदाट पर्जन्यवनातल्या झाडांचे भाईबंद उभे होते, असे त्या लाकडांच्या आतील नळ्यांच्या मांडणीवरून ठरविता येते. पावसाचे मान आणि उष्णता यांची नोंद ठेवणारे त्याहून जुने दप्तर या जिल्ह्यात मिळणे कठीण.

या साऱ्या शोधाची पायाभरणी करणारा मनुष्य धर्मोपदेशक होता, ही गोष्ट मला नेहमीच कौतुकाची वाटत आली आहे. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आला, त्याने शाळा काढली, गोंडी गीते उतरून घेतली, आणि उरलेल्या वेळी हंटर नावाच्या सहकाऱ्यासह नागपूरभोवतालच्या खडकांतून शिंपले, बिया आणि हाडे गोळा केली. त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून रात्री एकटाच घोड्यावरून परतत असता बोरी नदीच्या पुरात तो वाहून गेला. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे, आणि हिस्लोपाइट नावाचे एक हिरवे खनिजही आहे.

हिंगणघाटच्या दक्षिणेस, चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा म्हणून गाव आहे; तेथील शेतांतून डायनोसॉरांची हाडे हिस्लॉपच्या काळापासून मिळत आली आहेत, आणि हाडांबरोबर त्या प्राण्यांच्या शेणाचे झालेले दगडही मिळतात. फळांचे, सापांचे आणि वऱ्हाडाचे दगड करणाऱ्या लोककल्पनेला शेणाचे दगड करण्याचे सुचले नाही, यात तिचा दोष नाही. परंतु या आढाव्यातील सर्वांत मोठे आश्चर्य त्या उपेक्षित दगडांतच निघाले. लखनौच्या साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, स्वीडनमधील कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, आणि बिरबल साहनींचे पुतणे अशोक साहनी प्रभृतींनी २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात असे दाखविले की पिसदुऱ्याच्या शेणदगडांत गवताच्या पानांतील सिलिकेचे सूक्ष्म कण आहेत, आणि त्यांपैकी काही तर भाताच्या कुळाशी नाते सांगणारे आहेत. तोपर्यंत डायनोसॉर नामशेष झाल्यावर बऱ्याच काळाने गवताचा विस्तार झाला असा समज होता, आणि चित्रकारांनी त्या प्राण्यांच्या पायाखाली गवत काढले की जाणकार हसत असत. आज जगाचे पोट ज्या तृणकुळावर चालते त्याच्या वंशावळीचा एक जुना उतारा झाडीपट्टीच्या सीमेवरच्या एका खेड्याने पुरविला.

राहता राहिला प्रश्न या दगडांच्या रक्षणाचा, आणि तेथे शापाची संस्था अद्याप मोडकळीस आलेली नाही असे दिसते. मोएराकीचे लहान गोळे हौशी मंडळींनी केव्हाच उचलून नेले; जे हलविता येत नाहीत तेवढेच उरले. अमेरिकेत ॲरिझोना प्रांती वीस कोटी वर्षांहून जुन्या अश्मीभूत वृक्षांचे अरण्य आहे, ते १९०६ साली सरकारी संरक्षणाखाली आले. तेथून खिशात तुकडा घालून नेणाऱ्यांपैकी कित्येक जण पुढे नोकरी गेली, बायको सोडून गेली, आजारपण पाठीस लागले अशी गाऱ्हाणी लिहून तो तुकडा टपालाने परत पाठवितात, आणि त्या पत्रांचे एक पुस्तकही निघाले आहे. उद्यानाचे अधिकारी मात्र हे परत आलेले दगड पुन्हा जमिनीवर पसरीत नाहीत. कोणता तुकडा कोणत्या थरातून उचलला होता हे कळण्याचा मार्ग नसल्यामुळे शास्त्राच्या दृष्टीने तो बाद झालेला असतो, आणि चुकीच्या जागी टाकला तर उरलेल्या दगडांची साक्षही तो बिघडवील. म्हणून त्यांचा एक ढीग रस्त्याच्या कडेला वेगळा घातलेला आहे, आणि दरवर्षी त्यात भर पडते.